‘मुलगा वकील आहे, पण मिळवतो किती?’

हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. कधी आई विचारते, कधी साखरपुडा ठरत आलेली मुलगी, कधी मुलीचे मामा. अलीकडे तर खुद्द वकीलच येऊन विचारतात, ‘मॅडम, वकिलीची सनद मिळून तीन वर्षं झाली, अजून घरातून पेट्रोलला पैसे घेतो. माझं काही चुकलंय का?’

मी कोल्हापुरात समुपदेशन करते. इथे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर इथेच बसणारं न्यायपीठ, सुरू झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम येऊ लागलं. इथल्या वकिलांनी या बेंचसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती, त्यामुळे तो आनंद मोठा होता. पण माझ्या खोलीत त्याची दुसरी बाजूही आली. ‘आता तर हायकोर्टच दारात आलंय, तरी ह्याचं काही हलत नाही,’ असं पालक म्हणू लागले. बेंच आलं की कामं आधी अनुभवी वकिलांकडे जाणार, ज्युनियरच्या हातात त्यातलं काही पडायला वेळ लागणार, हे कोर्टात वावरणाऱ्याला कळतं. घरच्यांना कोण सांगणार? म्हणून हा लेख.

आधी आकड्यांचं बोलू. आकडा टाळून नुसता धीर देणाऱ्या समुपदेशकावर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

वकिलाची कमाई म्हणून सांगता येईल अशी एक रक्कम नाही. मुंबई-दिल्लीतल्या अगदी मोठ्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून निवडलेल्या मुलांना सुरुवातीलाच वर्षाला पंधरा ते वीस लाखांच्या घरात देतात. अशा जागा फार थोड्या. सुप्रीम कोर्टातले नामांकित सिनियर एकेका सुनावणीला काही लाख घेतात. बातमी त्यांचीच होते आणि घरच्यांच्या मनात वकील म्हटलं की तोच आकडा बसतो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे, वर भत्ते वेगळे. मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची अवघड परीक्षा देऊन सॉलिसिटर झालेल्यांना मालमत्तेच्या आणि व्यापाराच्या कामात चांगला भाव आहे, पण ती वाट आर्टिकलशिपमधून, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालच्या उमेदवारीतून जाते आणि ती सगळ्यांना झेपत नाही.

आणि जिल्हा न्यायालयात सिनियरच्या मागे फाइल घेऊन उभा असलेला मुलगा? माझ्याकडे येणारी मुलं-मुली जे सांगतात ते असं. तालुक्याला पहिली एक-दोन वर्षं बहुधा काहीच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच ते दहा हजार, तेही महिन्याच्या महिन्याला येतील असं नाही. पुण्या-मुंबईत पंधरा ते पंचवीस हजार, आणि त्यातला निम्मा भाग खोलीच्या भाड्याला. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही असा बार कौन्सिलचाच नियम आहे. त्यामुळे ज्युनियरला मिळतं त्याला पगार म्हणता येत नाही, त्याची स्लिप निघत नाही, फंड कापला जात नाही. वधूपक्षाला दाखवायला त्याच्याकडे कागदच नसतो.

अमोलचं गाऱ्हाणं तिथूनच सुरू झालं. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि त्या कुटुंबाने मजकूर वाचून होकार दिला आहे.

अमोल सव्वीस वर्षांचा. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, मग सनद, मग कोल्हापुरातल्या एका दिवाणीच्या नावाजलेल्या वकिलांकडे ज्युनियरशिप. महिन्याला सहा हजार. गाव कागल तालुक्यातलं, रोज मोटरसायकलवरून ये-जा. एकटाच आला होता आणि तक्रार झोपेची होती.

‘रात्री दोन-अडीचला जाग येते. मग उजाडेपर्यंत हिशेब चालतो. गाडीचा हप्ता, बहिणीचं डीएड, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या गोळ्या. चुलतभाऊ हिंजवडीला आहे, सत्तर हजार घेतो. आबा त्याचं नाव काढत नाहीत, पण तो दिवाळीला आला की ते त्याला पुढच्या खोलीत बसवतात आणि मला चहा सांगायला आत पाठवतात.’

मग स्थळाची गोष्ट सांगितली. सगळं जमत आलं होतं. मुलीच्या मामांनी शेवटी विचारलं, ‘पगाराची स्लिप मिळेल का?’ अमोल गप्प बसला. आबांनी ‘बघू, पाठवतो की’ म्हटलं. पाठवायला काही नव्हतं. ते स्थळ तिथेच राहिलं.

‘मॅडम, मी फील्ड चुकलो का?’

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. मी त्याला कामाबद्दल विचारलं. पैशाचं सोडून दे, गेल्या महिनाभरात कोर्टात काय घडलं ते सांग. तो सावरून बसला. बांधावरून जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याचा दावा होता. विरुद्ध बाजूने लावलेल्या सातबाऱ्यावरची फेरफाराची तारीख आणि प्रत्यक्ष फेरफाराच्या उताऱ्यावरची तारीख जुळत नव्हती. हे अमोलच्या लक्षात आलं, रात्री जागून त्याने टिपण काढलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी, म्हणजे त्याच्या सिनियरनी, उलटतपासात त्यावरच बोट ठेवलं. सांगताना तो हातवारे करत होता, पुढचं वाक्य आधीच्या वाक्यावर चढत होतं. आत आलेला, खांदे पाडून बसलेला मुलगा हा नव्हताच. फील्ड चुकलेला माणूस फेरफाराची तारीख अशी सांगत नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

‘मग साहेबांना पैसे वाढवून मागितलेस का?’

‘साहेबांना कसं मागायचं? देवमाणूस आहेत. त्यांना त्यांच्या सिनियरनी पाच वर्षं एक रुपया दिला नव्हता.’

‘आणि पक्षकारांकडून?’

‘माझे स्वतःचे असे पक्षकार... गावातलेच आहेत. त्यांच्याकडून काय घ्यायचं?’

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वेळी येताना आई-वडिलांना घेऊन ये आणि तुझी कोर्टाची डायरीही आण, असं सांगितलं. तो चमकला. अनेकांना वाटतं, समुपदेशन म्हणजे बंद खोलीत एकट्याशी बोलणं. माझी पद्धत वेगळी आहे. मी माणसाला घरासकट बघते. पैशाच्या काळजीत तर हे फारच खरं असतं, कारण रात्री अडीचला एक माणूस जागा असतो आणि ती जाग सगळ्या घराची असते.

आबा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. शिस्तीचा माणूस, खिशाला पेन, बोलणं मोजकं. ‘छत्तीस वर्षं लोकांची हजेरी मांडली बघा मॅडम. कामावर आला की हजेरी, हजेरीला पगार. ह्याचं काय कळतच नाही. सकाळी नऊला जातोय, रात्री नऊला येतोय, रविवारी पण कागद घेऊन बसतोय. मग पैसं जात्यात कुठं?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं. हजेरी लावली की दाम मिळतो, हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव. वकिलीत हजेरीला दाम नाही. दिवसभर कोर्टात उभं राहून नुसती तारीख पडली तर ज्युनियरच्या हातात काही येत नाही, आणि एखाद्या दुपारी अर्ध्या तासाच्या मसुद्याचे पाच हजार येऊ शकतात. आबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते मान डोलावत होते, पण पटलेलं नव्हतं. मुलाच्या धंद्याचा हिशेब आजवर त्यांच्यासमोर कुणी मांडलाच नव्हता.

मग मी अमोलला डायरी उघडायला सांगितली.

वकिलांची असते तशी जाड, तारखांची डायरी. मधल्या पानांवर साहेबांच्या केसेस निळ्या शाईत, पक्षकारांची नावं, ‘म्हणणे’, ‘पुरावा’, ‘युक्तिवाद’ असे टप्पे. मागच्या पानांवर त्याने स्वतःच्या कामांसाठी हाताने रकाने आखले होते. काम, खर्च, फी. पहिले दोन रकाने नीट भरलेले होते. नोटीस, रजिस्टर पोस्ट. जामीन अर्ज, कोर्ट फी, झेरॉक्स. वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, टायपिंग. खर्चाचा एकेक रुपया लिहिलेला. फीचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. एका ठिकाणी ‘दोन शेर तूप’ असं लिहून खोडलं होतं.

मी ती पानं आबांकडे सरकवली. त्यांनी चष्मा लावला. कारखान्याचा मस्टर तपासावा तसं बोट फिरवत खाली येत होते. बोट थांबलं.

‘हा शिवा मामा. ह्याला मीच पाठवलं होतं.’

पुढच्या ओळीवर, ‘दूध संस्थेचा सेक्रेटरी. ह्याला पण मीच म्हटलं, जा आमच्या पोराकडं.’

त्याच्या खाली थोरल्या भावाचे व्याही. आबांनी त्यांना सांगितलं होतं, पैशाचं काय बोलायचं, आपलाच वकील आहे. त्याच्या खाली शेजारचा. कुणी काही बोलत नव्हतं. आबा स्वतःच बोटं मोजत गेले आणि अकराव्या नावाला चष्मा काढला.

‘म्हणजे ह्याचं काम मीच फुकट वाटलंय की.’

अमोलच्या आई इतका वेळ पदराशी चाळा करत गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि रात्री मला म्हणतात, पोरगं काही मिळवत नाही.’ हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. किती दिवस मनात धरून ठेवलेलं ते बाहेर आलं इतकंच.

अशा क्षणासाठी मी इतकी वर्षं हे काम करते आहे. एकट्या अमोलला समोर बसवून मी त्याच्याशी महिनोन्‌महिने बोलले असते, तर माझ्या वहीत ‘आत्मविश्वास कमी, मागणी करता येत नाही’ अशी नोंद झाली असती आणि दोष पुन्हा त्याच्याच पदरात पडला असता. घर समोर आलं म्हणून खरी गाठ दिसली. गावात वकील मुलगा म्हणजे घराची प्रतिष्ठा. आबांनी आयुष्यभर कुणाला काही देण्याच्या जागेवर कधी बसून पाहिलं नव्हतं. पोराच्या सनदेमुळे पहिल्यांदा गाव त्यांच्या दारात आलं. ‘जा, करून देईल’ म्हणताना त्यांची मान ताठ होत होती, आणि त्या ताठ मानेची किंमत मुलगा रात्री अडीचला मोजत होता. एकाच घरात एक माणूस वाटत होता आणि दुसऱ्याला हिशेब विचारला जात होता. दोघांचंही एकमेकांवर प्रेम होतं, म्हणूनच कुणी काही बोललं नाही.

आणि ज्याला वडिलांपुढे ‘हे माझं काम आहे, याचे पैसे होतात’ असं म्हणता येत नाही, त्याला ते साहेबांपुढेही म्हणता येत नाही आणि पक्षकारापुढेही नाही. सिनियरच्या जागी त्याने वडीलच बसवलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तरुण वकिलांची कमाई अडलेली मी याच जागी पाहिली आहे. ज्ञान कमी पडतं असं क्वचित दिसतं. कामाची किंमत तोंडाने उच्चारता येत नाही, हे मात्र सारखं दिसतं.

पुढच्या भेटीत आम्ही उच्चाराचाच सराव केला. मी पक्षकार झाले. चेक वटला नाही म्हणून नोटीस द्यायची आहे, किती खर्च येईल?

‘पोस्टाचे एवढे, टायपिंगचे एवढे,’ तो झरझर सांगत गेला, ‘आणि माझे... द्या काय द्यायचं ते.’

‘थांब. कलम १३८ ची नोटीस किती दिवसांत जावी लागते?’

‘चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत.’

‘एकतिसाव्या दिवशी गेली तर?’

‘त्या नोटिशीवर केसच उभी राहत नाही.’

‘आणि नोटीस पोचल्यावर?’

‘समोरच्याला पंधरा दिवस. त्यात नाही दिले तर पुढे एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करायची.’

‘या तारखा कुणी सांभाळायच्या?’

तो थांबला. ‘मी.’

‘मग फी कशाची आहे?’

‘तारखा सांभाळायची,’ तो म्हणाला, आणि मग पुन्हा जरा मोठ्याने, ‘मॅडम, नोटिशीची माझी फी दोन हजार. निम्मी आज, निम्मी नोटीस गेल्यावर.’ कान लाल झाले होते, पण आकडा आला. तो त्याच्याकडून मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, अगदी कान लाल होणं थांबेपर्यंत.

त्याची एक शंका रास्त होती. खरोखरच गरीब माणूस आला तर? त्याला मी त्याच्याच अभ्यासक्रमातला कायदा आठवायला लावला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतले लोक अशा अनेकांना मोफत वकील मिळतो, आणि पॅनेलवरच्या वकिलाला त्याचं मानधन प्राधिकरण देतं. गरजू माणसाला तिथे न्यावं, स्वतः त्या पॅनेलवर यावं. ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी मन मोकळं राहतं. अमोलच्या डायरीतल्या अकरा नावांत ट्रॅक्टर असलेले कितीतरी होते.

आबांनी घरी आपणहून नियम केला. माणूस मी पाठवीन, पण फी तो सांगेल आणि मी मध्ये बोलणार नाही. नात्यातल्यांना निम्मी फी, पण आकडा ठरलेला. शिवा मामा पहिल्यांदा नाराज झाले. पुढच्या महिन्यात आपल्या साडूला घेऊन आले.

साहेबांशी बोलायचं राहिलं होतं. त्यासाठी मी सगळ्याच ज्युनियरना एक गोष्ट सांगते. ‘भागत नाही’ हे कारण घेऊन सिनियरकडे जाऊ नका. त्याने तुम्ही केविलवाणे दिसता आणि समोरचा अवघडतो. केलेलं काम घेऊन जा. अमोल वर्षभरात स्वतः काढलेल्या मसुद्यांची, टिपणांची आणि एकट्याने चालवलेल्या अर्जांची यादी घेऊन गेला आणि सांगितलं, ‘साहेब, मला इथंच शिकायचं आहे. महिन्याला दहा हजार आणि दुपारी चारनंतर माझी स्वतःची कामं बघायला मोकळीक, एवढं जमेल का?’ बार कौन्सिलचं परिपत्रक त्याने खिशात नेलं होतं, काढायची वेळ आली नाही. साहेबांनी यादी वाचली, मोकळीक लगेच दिली आणि पैसे पुढच्या महिन्यापासून वाढवले. सगळे सिनियर असे नसतात. नकार मिळाला तरी आपण कुठे उभे आहोत हे कळतं, आणि दुसरं ऑफिस शोधायचं बळ येतं.

आता पालकांसाठी थोडं.

वकील मुलाला दर महिन्याला ‘किती आले?’ विचारू नका. या धंद्यात महिना हे मापच चुकीचं आहे. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना सुट्टी, त्यात काही येत नाही. एखादा मोठा दस्त झाला की तीन महिन्यांचं एकदम येतं. वर्षातून दोनदा, बसून, डायरी उघडून हिशेब बघा. आणि ज्युनियरशिप सुरू होतानाच ठरवा की घर किती वर्षं आणि किती रुपयांपर्यंत आधार देणार. तीन वर्षं म्हणा, चार म्हणा, पण आकडा कागदावर लिहा. न ठरवलेल्या मदतीत देणारा रोज उपकार करतो आणि घेणारा रोज कमी होतो. ठरवलेल्या मदतीत दोघेही ताठ राहतात.

जोडीला दुसरं काम केलं म्हणजे वकिलीत हरलो, असं अनेक मुलांना वाटतं. अमोललाही वाटायचं. त्याच्या ओळखीच्या एका क्लासमध्ये अकाउंट्सच्या मुलांना संध्याकाळी व्यापारी कायदा शिकवायला बोलावत होते आणि तो लाजत होता. मी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण दिलं. लंडनहून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सुरुवातीला पुरेशी कामं येत नव्हती. १९२५ पासून काही वर्षं ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. तोच विषय, त्याच तऱ्हेचे विद्यार्थी. अमोलने दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

थांबायचं कधी, हेही विचारलं जातं. माझी कसोटी पैशाची नाही. तीन वर्षांनंतरही तुमच्या नावावर स्वतःचं एकही वकीलपत्र नाही, सिनियर फक्त तारखा घ्यायला पाठवतात, मसुदा कधी हातात देत नाहीत, आणि कामाबद्दल बोलताना तुमचा आवाज चढत नाही, तर वाट बदला. या वाटा लाजिरवाण्या नाहीत. लोकसेवा आयोगामार्फत न्यायाधीशपदाची परीक्षा आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, त्यामुळे ज्युनियरशिपची वर्षं तिथे मोजली जातात. सहायक सरकारी अभियोक्त्याची भरती असते. कंपन्यांच्या आणि बँकांच्या विधी विभागात ठरलेला पगार असतो. मात्र पूर्णवेळ नोकरी घेतली की सनद स्थगित ठेवावी लागते, हे लक्षात घेऊन निर्णय करा.

मुलींचं वेगळं सांगितलं पाहिजे. सांगलीची एक विवाहित वकील माझ्याकडे येत होती. तिला घरी कुणी ‘किती मिळवतेस?’ विचारतच नव्हतं. विचारत नाहीत म्हणून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ती त्यानेच खचली होती. ‘तुला कुठं घर चालवायचंय, वेळ जातोय ना तुझा’ असं सासूबाई मायेने म्हणायच्या, आणि कोर्टाच्या दिवशी पाहुणे आले की सुट्टी तिनेच घ्यायची. पक्षकारही म्हणायचे, ‘ताई, तुमची काय फी!’ तिच्याशीही आम्ही आकडाच बोलायला शिकलो, पण तो आधी घरात. महिन्याला ठरावीक रक्कम ती घरखर्चात घालू लागली. रक्कम लहान होती. कोर्टाच्या दिवसाला मात्र घरात कोर्टाचा दिवस म्हणायला लागले.

झोप उडणं, चिडचिड, बार रूममध्ये जायला नको वाटणं, संध्याकाळी ‘सिनियर लोकांबरोबर’ म्हणून सुरू झालेलं पिणं रोजचं होणं, यातलं एखादं जरी काही आठवडे टिकलं तर ती नुसती पैशाची काळजी राहिलेली नाही. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या डॉक्टरांकडे जा, समुपदेशकाकडे जा. दुसऱ्याची केस स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपली केस कुणाकडे तरी द्यावीच लागते.

राहिला प्रश्न लग्नाचा. मुलीच्या घरच्यांना माझं सांगणं असतं की वकील मुलाला स्लिप मागू नका, प्राप्तिकर विवरणपत्र मागा. आणि मुलांना सांगते, कमाई करपात्र नसली तरी विवरणपत्र भरा. व्यावसायिकाला साध्या पद्धतीने, निम्मं उत्पन्न नफा धरून ते भरता येतं. बँकेच्या कर्जालाही तेच लागतं. मग विचारा की गेल्या वर्षी स्वतःची वकीलपत्रं किती होती आणि यंदा किती आहेत. एका महिन्याच्या आकड्यापेक्षा या दोन आकड्यांतल्या फरकावरून मुलगा कुठे चालला आहे ते जास्त कळतं.

अमोलने हेच केलं. पुढच्या स्थळाच्या वेळी विचारायच्या आधीच त्याने विवरणपत्राची प्रत पुढे ठेवली. त्यातलं साहेबांकडून किती, क्लासचं किती, स्वतःच्या पक्षकारांचं किती, हे त्याने सांगितलं, आणि आबा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. ते स्थळ जमलं नाही, पण अडलं ते पत्रिकेवर. अमोलने हे मला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं, कारण अकरा वाजता त्याचा स्वतःचा, त्याने एकट्याने घ्यायचा पहिला उलटतपास होता.